आधी पाणी, मग हात

गाडीच्या रंगावरचे बहुतेक ओरखडे रस्त्यावर पडत नाहीत, पार्किंगमध्ये पडतात. रोज पहाटे जे फडकं गाडीवर फिरतं, त्याने पडतात. हे इतक्या ठामपणे लिहिते आहे, कारण गेल्या हिवाळ्यात एका जुन्या गाडीचा पत्रा मी वीत-वीत करून पाहिला, धुतला आणि साफ केला. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना आणि खाडीपलीकडच्या ऐरोली-कोपरखैरण्याच्या लोकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

गाडी माझ्या मावसभावाची. गडद निळी हॅचबॅक. दादाची बदली नाशिकला झाली, त्याने तिकडे दुसरी गाडी घेतली आणि ही आमच्याकडे मानपाड्याला आली. इंजिन ठणठणीत, टायर बरे, एसी चांगला. रंग मात्र पार उतरलेला. ऐरोलीत ती स्टेशनजवळ उघड्यावर उभी असायची. एका अंगाला ठाणे-वाशी लोकलचे रूळ, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता, पलीकडे एमआयडीसी आणि डोक्यावर सोनमोहराची फांदी. म्हणजे लोखंडाचा चुरा, ट्रकचा धूर, पिवळ्या पाकळ्या आणि पक्ष्यांची शीट, सगळं एकाच पत्र्यावर.

बघेल तो एकच सल्ला देत होता, "रंगवून टाक." मला ते पटेना. कारखान्यात गाडीला रंग देतात तेव्हा तिच्यात ना सीट असते, ना वायरिंग, ना रबर. नुसता पत्र्याचा सांगाडा असतो, आणि तो साधारण 140 अंशाच्या भट्टीत भाजून निघतो. गॅरेजमध्ये गाडी रंगवतात तेव्हा सगळं जागेवर असतं, त्यामुळे 60 अंशांच्या वर फारसं जाता येत नाही. मूळ रंगाची पकड आणि टणकपणा नंतरच्या रंगाला सहसा येत नाही. जो रंग पत्र्याला अजून घट्ट धरून आहे, तो केवळ निस्तेज दिसतो म्हणून खरवडून काढायचा, हे मला चुकीचंच वाटतं. म्हणून ठरवलं, आहे तोच रंग वाचवायचा.

वाचवायचा म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घेतलं. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉनचा असतो, तेव्हा हा थर केसाहूनही पातळ. आपण जिला गाडीची चकाकी म्हणतो ती याच थराची. खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारी द्रव्यंही त्याच्यातच असतात. आणि हा थर एकदा झिजला की परत भरून येत नाही. पुढचं सगळं काम करताना मी ही एक गोष्ट धरून ठेवली होती.

मग तपासणी. रात्री इमारतीखालच्या पार्किंगमधले दिवे गेल्यावर मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती असंख्य बारीक रेघा गोल गोल फिरलेल्या दिसल्या. या रेघा मुळात गोल नसतात. त्या सगळ्या दिशांना गेलेल्या असतात, पण प्रकाशाला आडव्या येतील तेवढ्याच चमकतात, म्हणून वर्तुळं भासतात. टॉर्च सरकवला की वर्तुळंही सरकतात. छत आणि बॉनेट सगळ्यात वाईट, दारांचा खालचा भाग त्यामानाने बरा. यातून मला उत्तर मिळालं. रस्त्याची खडी उडते ती खालच्या भागावर. वरच्या भागावर रोज येतं ते फडकं.

दुसरी परीक्षा पिशवीची. गाडी धुवून कोरडी झाली की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि बोटं पत्र्यावरून हलकेच फिरवायची. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. आमच्या गाडीची डिकी आणि मागचा डावा भाग तर करकरत होता. ती बाजू ऐरोलीला रुळांकडे असायची.

तिसरी तपासणी एका डिटेलिंगच्या, म्हणजे गाड्यांची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणाऱ्या दुकानात करून घेतली. त्यांच्याकडे थराची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं. पत्र्याला टेकवलं की आकडा येतो. छतावर 110 ते 115, बॉनेटवर 105, डाव्या दारांवर 120 च्या आसपास. ड्रायव्हरच्या मागच्या दारावर एकदम 260. मी दादाला फोन लावला. "अगं हो, रबाळ्याच्या सिग्नलला रिक्षा घासली होती, ते दार रंगवलंय," तो म्हणाला. यंत्राने ते बरोबर पकडलं. जुनी गाडी घेताना हे यंत्र कोणाकडे मिळालं तर जरूर वापरावं, लपवलेली डेंटिंग-पेंटिंग लगेच कळते.

त्याच दुकानात मला रबिंग, पॉलिश आणि सिरॅमिक कोटिंग असं एकत्र पॅकेज सांगण्यात आलं. बॉनेटचा 105 हा आकडा समोर दिसत असताना "पूर्ण रबिंग करून टाकू" हे वाक्य मला टोचलं. रबिंग म्हणजे वरचा थर घासून काढणं. दर सर्व्हिसिंगला ते करून घेणारी माणसं मला माहीत आहेत. दरवेळी गाडी नवी दिसते आणि दरवेळी क्लिअर कोट थोडा कमी होतो. मी तिथून निघाले आणि धुण्यापासून सुरुवात केली.

इथे पाण्याचं सांगायलाच हवं. आमच्या सोसायटीत गाडी धुवायला नळी लावायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. घोडबंदरच्या कितीतरी इमारतींत महापालिकेचं पाणी पुरत नाही आणि टँकर येतात. आमच्याकडे घरात आरओसाठी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र आहे. त्याने दोन्ही पाणी मोजून पाहिलं. पालिकेचं पाणी 100 च्या आत आणि टँकरचं 600 च्या वर. गाडीवर थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पांढऱ्या कडांचे जे गोल डाग दिसतात ते हेच. गडद रंगावर ते फार उठून दिसतात, आणि उन्हात तापत राहिले तर क्लिअर कोटमध्ये रुततात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून ओल्या मायक्रोफायबरने मिनिटभर टेकवलं की विरघळतात. नंतर ती जागा लगेच शॅम्पूच्या पाण्याने धुवायची. जुने रुतलेले डाग मात्र तसे जात नाहीत.

म्हणून माझी पद्धत अशी बसली. टँकरचं पाणी आलं असेल तर पहिला मळ त्याने उतरवायचा आणि शेवटचं पाणी पालिकेचं घ्यायचं. नळीऐवजी झाडांवर फवारायचा हातपंप, पाच लिटरचा. त्यात पाणी आणि थोडा शॅम्पू घालून आख्ख्या गाडीवर फवारायचं आणि चार-पाच मिनिटं सोडून द्यायचं. या वेळात पत्र्याला बोटही लावायचं नाही. फेस खाली घरंगळतो आणि जाताना बरीचशी धूळ घेऊन जातो. मग दुसऱ्या पंपातलं साधं पाणी वरून खाली. हे झाल्यावर पत्र्यावर जो मळ उरतो, फक्त त्यालाच हात लावायचा.

याचं कारण धुळीत आहे. रस्त्याच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ, आणि त्याचा कठीणपणा पोलादाच्या बरोबरीचा किंवा जास्तच. क्लिअर कोट म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिक. कोरड्या फडक्याखाली हा कण सापडला की फडकं जिथवर जाईल तिथवर रेघ. आमच्याकडे मेट्रोच्या कामामुळे वर्षानुवर्षं सिमेंटची धूळही आहे. ती दवाने ओली होते आणि सकाळच्या उन्हात पत्र्यावर धरते. ती कोरडी पुसणं तर सगळ्यात घातक.

धुवायला दोन बादल्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळखळून घ्यायचा आणि मगच पुन्हा शॅम्पूत. थोड्या वेळाने साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघावा, किती रेती साठते ते कळतं. एकच बादली असती तर ती सगळी रेती पुन्हा पत्र्यावर गेली असती. चाकं सगळ्यात आधी आणि त्यांचं फडकं वेगळं. मग छत, काचा, बॉनेट, डिकी, दारं आणि शेवटी दारांच्या खालची पट्टी. हात सरळ रेषेत फिरवायचा, गोल नाही. शॅम्पू गाडीचाच, पीएच 7 च्या आसपासचा. भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा काढायला बनवलेलं असतं, ते रंगावरचं वॅक्सही काढून नेतं. कपड्यांच्या पावडरीचं तर नावच काढू नये.

पुसणं हा धुण्याइतकाच महत्त्वाचा भाग. जाड टॉवेल, 500 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) वरचा, पत्र्यावर पसरायचा आणि दोन टोकं धरून अलगद ओढायचा. चोळायचं नाही. जुना बनियन, साडीचा तुकडा, पिवळं फ्लॅनेल, सगळं मी बाद केलं. आरशांच्या खाचेतून आणि नंबरप्लेटमागून पाणी नंतर ठिबकत राहतं, तिथे एक छोटं फडकं खोचून ठेवलं की दारावर ओघळ येत नाहीत.

गाडी स्वच्छ झाली, तरी पिशवीच्या परीक्षेत नापासच. कारण वर बसलेला मळ गेला होता, आत रुतलेला नाही.

आधी डांबर घेतलं. चाकांमागे आणि दारांच्या तळाशी काळे ठिपके होते. टार रिमूव्हर कापडावर घेऊन ठिपक्यावर टेकवून धरलं की डांबर तपकिरी होऊन वितळतं, मग हलकेच उचलून घ्यायचं. खरवडायचं नाही. बरेच लोक रॉकेल किंवा पेट्रोल वापरतात. त्यानेही डांबर जातं, पण रबरावर आणि प्लास्टिकवर ते चांगलं नाही, शिवाय बंद पार्किंगमध्ये पेट्रोल उघडणं धोक्याचं.

त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. रुळांजवळ किंवा वर्दळीच्या रस्त्याशेजारी गाडी उभी राहिली की लोखंडाचे अतिसूक्ष्म कण तिच्यावर बसतात. काही रूळ आणि चाकांच्या घर्षणातून येतात, काही ब्रेकमधून, एमआयडीसीजवळ असाल तर ग्राइंडरमधूनही. ते गरम असतात किंवा नंतर गंजतात, आणि क्लिअर कोटमध्ये घट्ट बसतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपके म्हणून दिसतात, निळ्यावर दिसत नाहीत, फक्त लागतात. यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. त्यातलं रसायन लोखंडाशी संयोग पावलं की जांभळं होतं. हातमोजे घालून, सावलीत, थंड पत्र्यावर मी तो डिकीवर मारला. अर्धा मिनिट काहीच नाही. मग एकेक ठिपका उमटू लागला, ठिपक्याची रेघ झाली आणि बघता बघता जांभळे ओघळ बंपरपर्यंत उतरले. उजव्या बाजूला, जी रुळांपासून लांब असायची, तिथे जेमतेम चार-दोन ओघळ. डाव्या बाजूला ओघळच ओघळ. गाडी कुठे आणि कोणत्या तोंडाने उभी असायची, हे तिच्या पत्र्यावर वाचता येत होतं.

वास उग्र येतो. पार्लरमध्ये केस सरळ करताना येतो तोच, कारण दोन्हीकडे थायोग्लायकोलेट याच जातीचं रसायन असतं. मला वासावरूनच ते लक्षात आलं. हा फवारा पत्र्यावर वाळू द्यायचा नाही, पाच मिनिटांच्या आत भरपूर पाण्याने धुवायचा.

त्यावर क्ले बार. ही ओल्या मातीसारख्या मऊ कृत्रिम पदार्थाची पन्नास-शंभर ग्रॅमची वडी असते. कणकेच्या गोळ्यासारखी मळून चपटी करायची. पत्र्यावर शॅम्पूचं पातळ पाणी फवारायचं आणि वडी बोटांच्या टोकांनी, जोर न देता, मागेपुढे सरकवायची. सुरुवातीला ती अडकते, खसखस आवाज येतो. दहा-बारा वेळा फिरली की आवाज थांबतो आणि वडी एकदम निसटल्यासारखी घसरते. तो क्षण हाताला कळतो. उलटी करून पाहिली तर पिवळ्या वडीवर तपकिरी, काळे कण रुतलेले. ती बाजू आत दुमडायची, पुन्हा मळायची आणि पुढच्या वीतभर जागेवर जायचं. पत्रा कोरडा पडता कामा नये, आणि वडी जमिनीवर पडली की ती टाकून द्यायची, मग कितीही नवी असो. एका सुट्टीत सगळी गाडी करायचा अट्टहास मी केला नाही. सवडीने एकेक भाग घेतला. शेवटी पिशवी घालून हात फिरवला तेव्हा छतापासून डिकीपर्यंत कुठेही खरखर नव्हती.

रेघा मात्र होत्याच. त्या धुण्याने किंवा क्लेने जात नाहीत. रेघ म्हणजे खाच. ती घालवायची तर आजूबाजूचा क्लिअर कोट खाचेच्या तळापर्यंत घासावा लागतो. दुसरा उपाय नाही. ही गोष्ट कोणी नीट सांगत नाही. हे काम स्वतः यंत्र आणून करावं असं मला वाटलं नाही. वर्तकनगरचा एक तरुण घरी येऊन पॉलिश करतो असं कळलं, त्याला बोलावलं. बाइकवर डबा बांधून आला. यंत्र त्याने ड्युअल अ‍ॅक्शन जातीचं आणलं होतं, ज्याची चकती फिरते आणि शिवाय डोलतेही. त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. नुसतं गरगर फिरणारं रोटरी यंत्र नवख्या हातात असलं तर रंग जाळतं.

"ताई, पूर्ण काढू का रेघा?" त्याने विचारलं.

"नको. 105 आहे बॉनेट. जितक्या हलक्या हाताने जातील तितक्या घालवा, बाकी राहू देत."

त्याने मान डोलावली. "बरोबर बोललात. दहा वर्षं ठेवायची गाडी अशीच करावी."

त्याने बॉनेटचा वीतभर चौकोन टेप लावून वेगळा केला आणि सगळ्यात मऊ फोम, सगळ्यात बारीक पॉलिश घेऊन आधी तिथे करून पाहिलं. दाण्याएवढे चार थेंब, मग यंत्र उभं-आडवं सावकाश. पुसून टॉर्च मारला तर चौकोनाच्या आत निळा रंग खोल दिसत होता आणि टेपच्या पलीकडे राखाडी धुकं. रेघांपैकी बऱ्याच गेल्या होत्या, खोल होत्या त्या राहिल्या. "हे एवढं पुरे," मी म्हटलं. मग त्याने दारांच्या कडा, बॉनेटवरच्या उठावदार रेषा, हेडलाइटभोवतीचं रबर, सगळीकडे टेप लावली. कडेवर आणि दुमडीवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथेच यंत्राने तो पहिल्यांदा उडतो. काम संपल्यावर त्याच्याकडच्या यंत्राने जाडी पुन्हा मोजली. फरक एक-दोन मायक्रॉनचा, काही ठिकाणी आकडा हललाही नाही. मला हेच हवं होतं.

त्यावर कवच काय द्यायचं, यावर मी बराच विचार केला. कार्नोबा वॅक्स हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते सुमारे 82 ते 86 अंशांना वितळतं. त्याची झाक सुंदर, पण आपल्या उन्हात आणि पावसात ते काही आठवडेच टिकतं. सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारित असतं, वर्षानुवर्षं टिकतं, पाणी आणि मळ धरू देत नाही, धुणं सोपं करतं. पण त्याने ओरखडे पडायचे थांबतात हा समज चुकीचा आहे. जाहिरातीत 9एच लिहिलेलं असतं ते पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचं असतं, खनिजांच्या नाही. धुळीने माखलेल्या सिरॅमिकवर कोरडं फडकं फिरवलं तर तिथेही रेघाच पडणार. दगड उडून टवका जाऊ नये म्हणून पीपीएफ असते, ती जाड पारदर्शक फिल्म, तिचा खर्च या गाडीला मला परवडण्यासारखा नव्हता. मी पॉलिमरचं सीलंट निवडलं. काही महिने टिकतं आणि स्वतःच्या हाताने पुन्हा लावता येतं. लावण्याआधी पॉलिशमधलं तेल काढायला पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसला, मग एकेका भागावर अगदी पातळ हात, थोडं थांबून कोरड्या मायक्रोफायबरने पुसून घेतलं. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसायला जड जातं.

आता खरा प्रश्न होता की हे टिकवायचं कसं. आमच्याकडे गाड्या पुसायला एक भाऊ येतात. पहाटे साडेचारला सुरुवात, साडेसातपर्यंत सगळ्या गाड्या झाल्या पाहिजेत. हातात एक बादली, एक फडकं. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, उद्यापासून आमच्या गाडीच्या पत्र्याला फडकं लावू नका."

"का ताई? काही चुकलं का?"

"नाही हो. पत्रा मी आठवड्याला धुणार. तुम्ही काचा, चाकं आणि दाराच्या आतल्या कडा करा. पैसे तेवढेच."

ते जरा घुटमळले. "गाडीवर धूळ दिसली की बाकीचे म्हणतात, हा काम करत नाही."

त्यांचं म्हणणं खरं होतं. महिन्याचे मोजके पैसे, नळावर जायला वेळ नाही, आणि दाराशी गाडी चकचकीत दिसली पाहिजे हा हट्ट आपला. रेघा त्यांच्या फडक्याने पडतात, पण त्या पडाव्यात अशी व्यवस्था आपण केलेली आहे. मी सोसायटीच्या ग्रुपवर स्पष्ट लिहिलं की आमच्या गाडीवर धूळ दिसली तर ती माझ्या सांगण्यावरून आहे, भाऊंना कोणी बोलू नये. आणि ज्यांना रोज पुसूनच हवी आहे त्यांनी निदान स्वतःच्या गाडीसाठी वेगळी दोन मायक्रोफायबरची फडकी द्यावीत आणि ती घरी धुवावीत. ही फडकी इतर कपड्यांबरोबर धुवायची नाहीत, सॉफ्टनर घालायचा नाही. काही जणांनी दिली. काहींना पटलं नाही, तो त्यांचा प्रश्न.

पक्ष्यांची शीट मात्र आठवड्याच्या धुण्यापर्यंत थांबू शकत नाही. तिच्यात युरिक आम्ल असतं. उन्हात क्लिअर कोट तापून सैल पडतो, शीट वाळून आक्रसते आणि संध्याकाळी पत्रा थंड झाला की तिचा ठसा तिथेच राहतो. एका दुपारचं ऊनही पुरतं. मी डॅशबोर्डच्या कप्प्यात पाण्याची छोटी बाटली आणि टिश्यू ठेवते. टिश्यू भिजवून शिटेवर पसरायचा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्यायची आणि मऊ झाली की उचलून घ्यायची. पावसाळ्याच्या तोंडाला वर्षावृक्षाखाली गाडी लावली तर चिकट थेंब पडतात, त्यांनाही हाच उपाय, फक्त पाणी कोमट.

पावसाळ्याविषयी दोनच गोष्टी. पाऊस गाडी धुतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं. जोराच्या पावसात मळ उतरतो, पण चाकांच्या कमानीत घोडबंदरचा चिखल थापून बसतो आणि महिनोन्महिने ओला राहतो. गंज तिथून लागतो. म्हणून फवारणी पंपाचं तोंड कमानीच्या आत धरून दर पंधरवड्याला तो चिखल काढते. दारांच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात, ती पाल्याने बुजतात, तिथे जुना टूथब्रश फिरवायचा. वायपरखालच्या जाळीतली पानंही काढायची. दुसरी गोष्ट, गाडीवर कव्हर घालू नये, निदान पावसात तरी नाही. आत दमट राहतं, आणि वाऱ्याने कव्हर हललं की आतली धूळ पत्र्यावर घासते.

दसऱ्याला पूजा झाली. शेजारच्या काकूंच्या पांढऱ्या गाडीवर मागच्या वर्षीच्या कुंकवाचा गुलाबी डाग अजून आहे, बॉनेटवर बोटांच्या ठशांसकट. हळदीचा पिवळेपणा उन्हाने विटतो, पण बाजारातल्या कुंकवातला कृत्रिम रंग, त्यात तेल किंवा तूप असलं तर, फार चिवट असतो. आईला मी आदल्या दिवशीच सांगितलं, "स्वस्तिक काचेवर काढूया."

"बॉनेटवरच काढतात गं."

"काचेवरचं पुसलं जातं, रंगावरचं राहतं."

तिने थोडा विचार केला आणि काचेवर काढलं, चांगलं मोठं. झेंडूचा हार तारेऐवजी सुती दोऱ्याने जाळीला बांधला, पत्र्याला घासणार नाही असा. नारळ गाडीपासून दोन हात लांब फोडला. चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचा रस बंपरच्या कडेवर उडाला होता, तो लगेच पाण्याने धुतला. संध्याकाळी हार काढला आणि काच ओल्या फडक्याने पुसली. कुठेही काही राहिलं नाही.

हेडलाइट मात्र अजून पिवळेच आहेत. त्यांची काच काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, आणि वरचा संरक्षक थर उन्हाने गेला की ते पिवळं पडतं. टूथपेस्ट चोळून तात्पुरतं उजळतं, महिन्याभरात परत तसंच. नीट करायचं तर 1000, मग 2000, मग 3000 नंबरचा वॉटर पेपर ओला ठेवून घासायचा, पॉलिश करायचं आणि त्यावर ऊन अडवणारा नवा थर द्यायचा. हा शेवटचा थर दिला नाही तर आधीची सगळी मेहनत वाया. पेपर आणून ठेवले आहेत, वरचा थर मागवला आहे. तो आला की दिवाळीनंतरच्या रविवारी ते काम काढणार.